घट उठले, अंथरुणं उठली नाहीत

माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तो मारायचा. रोज नाही, पण मारायचा. आणि रात्री त्याला मी कधी 'नको' म्हटलं नाही, कारण तसं म्हणता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून मला कोणी शहाणी समजू नये. मी चौथी शिकलेली बाई आहे.

मेहकरच्या अलीकडे आमचं गाव. आता आमच्याकडे शेडनेट झाले आहेत. पांढऱ्या जाळीच्या मांडवात बियाण्यासाठी मिरची लावतात. कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिच्यातला नर काढायचा, देठाला लाल धागा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. कळी ज्वारीच्या दाण्याएवढी, त्यामुळे बोटं शाबूत लागतात. आमच्या टोळीत मला सोडून आठ बायका. माझे डोळे अधू झाले, म्हणून मी नुसते धागे बांधते. नर काढता काढता नवऱ्यांबद्दल काय काय बोलणं होतं ते लिहीत नाही.

टोळीत सगळ्यात चांगला हात एका तरण्या पोरीचा. लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरी एक मुलगी. तिचा नवरा पिऊन आला की मारायचा, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नवरात्रात मात्र तिचे नऊ दिवस सुखाचे जायचे. आमच्याकडे ज्या घरात घट बसतात तिथली बाई घटाजवळ खाली अंथरूण टाकते, आणि नऊ दिवस नवरा तिला हात लावत नाही. मारायलाही नाही आणि दुसऱ्या कशालाही नाही. तिचा नवरा तर अनवाणी फिरायचा आणि बाटलीला शिवायचा नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला घट उठले. सोनं वाटून तो पिऊन घरी आला. ती म्हणाली, आज नको. त्यानं तिचा उजवा हात पिरगळला. दोन बोटं मोडली.

सकाळी मीच तिला मेहकरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाय घसरून पडले. मी म्हटलं, नवऱ्यानं पिरगळला, तसंच लिहा. त्यांनी लिहिलं. येताना बसमध्ये मी पोलिसांचं काढलं. ती म्हणाली, त्याला नेतील आणि चार दिवसांनी सोडतील, मग घरात मी आणि तोच. मला तुरुंग नको, आजी. मला माझ्या घरात 'नको' म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर हात शाबूत राहिला पाहिजे.

तिला मी माझ्या घरी आणलं. मुलीला त्यानं आपल्याकडेच ठेवून घेतलं. एक टिनाची खोली आणि पुढे ओटा, एवढंच माझं घर, पण त्यात पुरुष नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिची ओळ रिकामी होती. एकीनं सहज सांगितलं की आपण अजून घटाजवळचं अंथरूण उचललेलं नाही, कंटाळा केला. मी म्हटलं, मग उचलूच नको. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कोणीच उचलू नका. उचललं असेल तर परत टाका. तो गडी त्या पोरीच्या 'नको'ले ऐकत नाही ना, मंग त्याच्या सोबत बसणाऱ्या सगळ्यांले ऐकू द्या.

हसल्या. मग हसणं थांबलं. जिला आम्ही तोंडाळ म्हणतो ती म्हणाली, "माह्यावाला तर गरीब आहे वो आजी. त्याचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही. त्याले जीभ आहे का नाही?"

त्या दिवसापासून सुरू झालं. वाटलं तेवढं सोपं नव्हतं. दोघींनी पहिल्याच दिवशी माघार घेतली. मी त्यांना बोल लावला नाही. माझ्यानं आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. एकीचा नवरा ऐकणारा नव्हता, ती पोरं घेऊन माझ्याकडे आली. आणखी एक आली. माघार घेतलेल्यांपैकी एक पुन्हा आमच्यात आली, का ते तिनं सांगितलं नाही. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

पानठेल्यावर पुरुष आधी हसले. मग तोंडाळ बाईच्या गरीब नवऱ्यानं तिला विचारलं, "माह्यावर काऊन राग? मी कधी हात उचलला काय?"

"नाही उचलला. मंग जो उचलते त्याले जाऊन सांग."

एकीची सासू भांडायला माझ्या ओट्यावर आली. म्हणाली, तू रांडमुंड बाई, तुझं काय जाते, दुसऱ्यांचे संसार मोडून राह्यली. मी म्हटलं, माझं काही जात नाही म्हणूनच मले फुरसत आहे. बसा, चहा घ्या. तिनं चहा घेतला. जाताना दारातून हळूच विचारलं, त्या पोरीचा हात कसा आहे. सासूलाही कधीतरी नवरा होताच.

बचत गटाच्या मीटिंगला मेहकरहून ताई येते. तिला आमचं कळलं. तिला आवडलंही आणि खटकलंही. ती म्हणाली, आजी, अशानं असं वाटतं की एरवी तो त्याचा हक्कच आहे आणि तुम्ही शिक्षा म्हणून थोडे दिवस बंद केलाय. बाईला नको असेल तर नको, त्याला कारण कशाला पाहिजे? शिवाय तुमच्याजवळ देण्यासारखं तेवढंच आहे का?

मी विचारात पडले. तिचं खरं होतं. पण मी म्हटलं, ताई, त्या पोरीनं एकटीनं, कारण न देता 'नको' म्हटलं होतं. बोटं मोडली. आता सात जणी म्हणून राह्यल्या. सगळ्यांची बोटं कोण मोडते? ताईनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. पण तिचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. आधी आमचं म्हणणं एवढंच होतं की त्यानं मारू नये. त्यानंतर आम्ही ते बदललं: बायको नको म्हणाली की कारण न विचारता ऐकावं.

अकराव्या दिवशी सकाळी, कामावर निघायच्या वेळी, पाच-सहा नवरे त्या पोरीच्या नवऱ्याला घेऊन माझ्या ओट्याशी आले. गरीब नवरा पुढे होता. म्हणाला, आजी, हा काय म्हणते ते ऐका, आन् मिटवा एकदाचं.

तो पायरीवर बसला. त्याच्या तोंडाला वास नव्हता. म्हणाला, चुकलो, आता मारत नाही. पण आजी, मर्दाले राह्यवत नाही.

मी धाग्याचं बंडल सोडवत होते. ते बाजूला ठेवलं.

"नवरात्रात चप्पल घातली होती काय?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"बायकोले हात लावला?"

"नाही."

"नऊ दिवस राह्यवलं ना? देवीच्या भेवानं राह्यवलं. म्हणजे आवरता येते. मंग राह्यवत नाही म्हणू नको, मी आवरत नाही म्हण."

मागे उभे असलेले पुरुष जमिनीकडे पाहू लागले. चाळीस वर्षं मीही नवरात्र केलं, नऊ दिवस सुखानं झोपले आणि दहाव्या दिवशी अंथरूण उचललं. नवऱ्याला आवरता येतं हे दर वर्षी डोळ्यांसमोर होतं. मला दिसलं नाही. त्या न दिसण्याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

ती दारात आली, हात गळ्यात बांधलेला.

"मले भेऊ नको," ती त्याला म्हणाली. "मी काही देवी नाही. पण मी नको म्हटलं तर ऐकशील काय?"

"ऐकीन."

"ह्याइच्यासमोर म्हण."

तो वळला आणि त्याच्या दोस्तांसमोर तेच पुन्हा म्हणाला. मला वाटलं आता ती पिशवी भरेल. ती म्हणाली, प्लास्टर निघेपर्यंत येत नाही, तोवर पाहते. त्यानं मान हलवली. मग महिनाभर रोज संध्याकाळी तो लहान मुलीला घेऊन ओट्यावर यायचा, पाणी प्यायचा आणि घरी जाऊन भाकरी थापायचा. त्याच्या भाकरी मुलीनं मला आणून दाखवल्या. कडा जळलेल्या, मधे कच्च्या. आम्ही पोट धरून हसलो.

बाकीच्या बायका घरी गेल्या. दोघींनी मात्र अंथरूण खालीच ठेवलं. एक म्हणाली, मला अशीच झोप लागते. ते तिचं ती पाहील.

प्लास्टर निघाल्यावर ती नांदायला गेली. क्रॉसिंग संपत आलं होतं. बोटं अजून थोडी ताठ, तरी चिमटा पकडता येत होता. मी लक्ष ठेवून होते. एका सकाळी ती आली, ओळीत बसली आणि पहिली कळी धरून म्हणाली, "काल मी नको म्हटलं."

सगळ्यांचे हात थांबले.

"मंग?" तोंडाळ बाईनं विचारलं.

"मंग काय. कूस बदलून झोपला. घोरला बी."

जाळीच्या आत इतकं हसणं झालं की पलीकडच्या शेडमधून शेतमालकानं विचारलं, काय झालं. कोणी सांगितलं नाही. तिनं कळीतला नर काढला, माझ्यापुढे फांदी धरली आणि मी देठाला लाल धागा बांधला.