आईने सांगितलेला अर्धा सिनेमा

या साइटवरचे जुने लोक मला ओळखतात ते 'सध्या काय पाहिलंत?' या धाग्यावरचा खडूस म्हणून. कुणी एखाद्या वेबसिरीजचं कौतुक केलं की दोन तासांत तिची पिसं काढायला मी हजर. भुताखेताच्या सिनेमांवर तर विशेष राग... घरात दिवे असताना ही माणसं टॉर्च घेऊन तळघरात का उतरतात, हे मी इथेच कितीदा विचारलंय. आणि या भुताखेतांच्या अनुभवांच्या 'अमानवीय' धाग्यावर यायचो ते फक्त थट्टा करायला. "झोपताना काय जेवला होतात?" ही माझी ठरलेली प्रतिक्रिया. ज्यांना ज्यांना ती दिली, त्यांची आज माफी मागतो. आता माझी पाळी आहे, हवं तेवढं हसून घ्या.

गेले आठ-नऊ महिने मी कुठेच काही लिहिलं नाही. काहींनी मेसेज करून विचारलं, सिनेमे सोडले का? हो, सोडले. का सोडले ते सांगतो.

आम्ही भिलाईचे. आजोबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर टाकून इकडे आले, बाबांची सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये गेली आणि मीही तिथेच मिलमध्ये आहे. बाबा रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून स्मृती नगरात घर बांधलं. घरात बाबा, मी आणि माझी बायको. ती शाळेत शिकवते. ताई दुर्गला, पद्मनाभपूरला दिलेली. ती दर रविवारी मुलीला घेऊन जेवायला येते.

प्लांटमध्ये एक नियम असतो. शिफ्ट संपली तरी तुमच्या जागी येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय हलायचं नाही. तो आला की काय झालं, काय राहिलं ते त्याला सांगायचं – त्याला चार्ज देणं म्हणतात – आणि मग निघायचं. आई बाबांना असाच चार्ज द्यायची, फक्त सिरियलचा. बाबा शिफ्टवरून येऊन जेवायला बसले की आई समोर स्टूलवर बसून त्यांच्या गैरहजेरीत काय काय झालं ते सांगायची. सिनेमेही असेच सांगायची. बाबांनी आयुष्यात पडद्यावर फार तर दहा सिनेमे पाहिले असतील. बाकी सगळे आईच्या तोंडून. रिटायर झाल्यावरही ते टीव्हीपुढे बसायला शिकलेच नाहीत. म्हणायचे, "पायण्यात काय हाये? तुह्यी आई सांगते थे जास्त चांगलं राहते."

जास्त चांगलं असायचंच, कारण आई शेवट बदलायची! तिच्या सांगण्यात कुणी मरत नसे. नायिका दरीत पडली असली तरी आईच्या सिनेमात ती झाडाला अडकायची. मी चिडायचो. "आई, असं नाहीये ते." तर ती म्हणायची, "पिक्चरवाल्याले नाही समजत. मले समजते." रविवारी जेवणानंतर आठवड्यात कुणी काय पाहिलं त्याची चर्चा व्हायची आणि दर वेळी आमचं दोघांचं जुंपायचं. माझ्यातला समीक्षक तिच्याशी भांडूनच तयार झाला.

आता जे लिहितोय ते मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आई गेली तो शुक्रवार होता. छातीत कफ झाला म्हणून तीन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले होते, उद्या-परवा सोडू. सकाळपासून बाबा तिच्याजवळ होते आणि माझी ए शिफ्ट दुपारी दोनला सुटली की मी तिकडे जायचं ठरलं होतं. मी कंटाळलो होतो, हो... दवाखान्याचा तो वास, तो बाक, आईचं तेच ते "जेवला काय?" रिलीव्हर त्या दिवशी दहा मिनिटं आधीच आला होता. तरी मी बाहेर येऊन बाबांना फोन केला – "रिलीव्हर नाही आला. डबल ड्यूटी करा लागंल." प्लांटच्या घरात या वाक्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मिलमध्ये कामावर असताना फोन लॉकरमध्ये राहतो, त्यामुळे फोन उचलला नाही तरी कुणाला नवल वाटत नाही. इतकं पक्कं खोटं दुसरं नाही.

आणि मी मॉलमध्ये तीनच्या शोला जाऊन बसलो. एकटा.

इंटरव्हलला फोन पाहिला तर सतरा मिस्ड कॉल. आई चारला दहा कमी असताना गेली होती. बाबा एकटेच होते.

मी पोचलो तेव्हा सांगितलं, आत निरोप आला, फोरमनने सोडलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. तेराव्याला आलेल्या प्रत्येक माणसाला बाबा स्वतः सांगत होते, "ड्यूटीवर होता बिचारा. त्याचा काय दोष?" ते ऐकताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं. पण तोंड उघडलं नाही.

दोन महिन्यांनी सुरू झालं. रविवारची जेवणं झाली होती. ताईची मुलगी मोबाइलवर कानात इअरफोन घालून पाहत असलेल्या एका सिरियलबद्दल सांगत होती – पहाडातली टपाल वाटणारी बाई, वगैरे. बाबा सुपारी कातरत होते. न विचारता म्हणाले, "चांगली हाये थे सिरियल. पण त्या बाईच्या सासऱ्याले उगाच खडूस दाखवलं. शेवटी थोच तर तिले पुरातून काढते."

भाची म्हणाली, "नाना, आपने कब देखी? और वो तो डूब जाती है लास्ट में!"

"नाही डुबत. तुह्या आजीनं सांगतलं मले."

बाबांकडे बटणांचा फोन आहे. टीव्ही हॉलमध्ये, आणि ती सिरियल त्यावर लागतच नाही. ताई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "बाबाईले डॉक्टरले दाखव. डोक्शावर परिणाम झाला." दाखवलं. डॉक्टरांनी तारीख-वार विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबांनी धडाधड केले, वर डॉक्टरांच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हेही दाखवून दिलं. "मेमरी तो मुझसे अच्छी है अंकलजी की," डॉक्टर म्हणाले. दुःख आहे, वेळ द्या.

पण नंतर जवळजवळ दर रविवारी तेच. बायकोने शाळेत स्टाफरूममध्ये पाहिलेला सिनेमा, ताईने पाहिलेली पाककृतींची स्पर्धा... बाबांना सगळ्यावर मत. आणि प्रत्येक सिनेमाचा शेवट बदललेला, मेलेलं माणूस जिवंत. मी मनाची समजूत घालत होतो की कानावर पडत असेल, बोलाफुलाला गाठ पडत असेल.

एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर एरवीसारखं न रेंगाळता मी थेट घरी आलो, पावणेतीनला. बाबा अजूनही ए शिफ्टवरून आल्यासारखे अडीचलाच जेवतात. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि थांबलो. बाबा ताटावर बसले होते, मान डावीकडे कलती करून. मशीनच्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेलाय, त्यामुळे ऐकताना ते असेच बसतात. भाताचा घास हातात तसाच. "मंग?" ते म्हणाले. थोडं थांबले. "अस्सं!" आणि हसले, अगदी मनापासून. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला काही दिसलं नाही. ऐकूही काही आलं नाही. उन्हं ओट्यावर आली होती, कुकर निवत होता, सगळं रोजच्यासारखं. मला पाहून ते म्हणाले, "आला? हात धू, वाढतो." मी भ्यायलो ते त्या साधेपणाला.

मग मी एक परीक्षा घेतली. एका मित्राच्या पुतण्याने कॉलेजसाठी केलेली वीस मिनिटांची फिल्म होती, कुठेच प्रदर्शित न झालेली. ती प्लांटच्या कॅन्टीनमध्ये एकट्याने पाहिली, डिलीट केली, कुणाला एक अक्षर बोललो नाही. रविवारी बाबांनी ती सांगितली. म्हातारा शिंपी, त्याचं बंद पडलेलं मशीन, सगळं. फिल्ममध्ये शिंपी मरतो. बाबांच्या सांगण्यात त्याला चष्मा मिळतो. "लहान हाये, पण बरी हाये," बाबा म्हणाले.

त्या दिवशी मी घाबरलो तो शिंप्यामुळे नाही. एक हिशेब लक्षात आला होता. आपल्यापैकी जो जे पाहतो, ते तिला कळतं... मग त्या शुक्रवारचं?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी चार महिने जगलो. सिनेमे बंद केले. दर रविवारी जेवण झालं की बाबांच्या तोंडाकडे पाहत बसायचो, आज निघतो की काय तो सिनेमा. ताईपुढे निघाला तर? ती आईच्या शेवटी पोचू शकली नाही म्हणून आजही रडते, आणि मी तर दोन किलोमीटरवर पॉपकॉर्न खात होतो.

गेल्या महिन्यात निघाला. भाची परीक्षेमुळे आली नव्हती, बायको माहेरी. आम्ही तिघंच. ताई चिंच निवडत होती.

"एक लॉरीवाला राहते," बाबा म्हणाले. "पोरीशी त्याचं पटत नाही. तरी तिच्या लग्नासाठी कपाट घेऊन निघते. रस्त्यात कपाटाचा आरसा फुटते. थो त्याले लुंगी फाडून बांधते. मंग घाटात लॉरी बंद पडते, आन् मांगून गाड्याईची लाइन..."

हा मी पाहिला होता, त्या शुक्रवारी. तोच सिनेमा. तीच लुंगी.

ताईने विचारलं, "मंग? पोचते काय लग्नाले?"

"थे तिले माहीत नाही. अर्धाच पायला तिनं."

आतापर्यंत आईने एकही सिनेमा अर्धा सांगितला नव्हता. मला गप्प बसता आलं असतं. पण माझ्याच तोंडून निघालं, "अर्धाच कावून, बाबा?"

"बाजूचा माणूस उठून गेला म्हणे. मंग तेही उठली." बाबा सुपारीकडे पाहत होते. "पयले तर तिले बसाले जागाच नोती. खुर्चीवर हेल्मेट ठेवलं होतं त्यानं. मंग उचललं, तवा बसली."

हेल्मेट ठेवलं होतं मी. शेजारची सीट रिकामी होती म्हणून तिच्यावर ठेवलं होतं आणि सिनेमा चालू असताना मध्येच उचलून पायाशी घेतलं होतं. का घेतलं ते तेव्हाही माहीत नव्हतं. कुणी आलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. ही गोष्ट इतकी क्षुल्लक की मी स्वतःही विसरलो होतो.

मी सांगून टाकलं. रिलीव्हर आला होता, डबल ड्यूटी नव्हती, मी सिनेमाला बसलो होतो, सगळं. रडत सांगितलं, लाज वाटली नाही. ताईच्या हातातली चिंच तशीच राहिली. ती उठली, पर्स घेतली आणि चहा न घेता निघून गेली. बाबांनी तिला थांबवलं नाही.

त्यांनी सुपारी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तिचा हात धरून बसलो होतो. साडेतीन झाले असन. डोळे उघडून तुह्यं नाव घेतलं तिनं. म्हणे, 'थे उचल बावा, मले बसू दे.' मी उशी उचलली. चादर उचलली. तिले पलंगावर टेकवून बसवाले पायलं. तरी तेच – 'थे उचल, मले बसू दे.' मंग एकदम शांत झाली. म्हटलं, झोपली." त्यांनी डोळे पुसले. "काय उचलू, थे मले आतापर्यंत समजलं नोतं. वाटे, आपल्याच्यानं तिचं शेवटचं एवढंसं काम झालं नाही."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी ते उचलून मांडीवर घेतलं, मी एवढा चाळिशीचा घोडा असून. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ताई अजून माझा फोन उचलत नाही. तिचंही बरोबर आहे. इथल्या हुशार मंडळींना मी आधीच सांगतो, मी सगळं तपासलं. बाबा त्या मॉलमध्ये कधी गेलेले नाहीत. सिनेमाची गोष्ट कुठून तरी कळली असेल असं धरलं, तरी हेल्मेटचं काय, आणि आईचं ते वाक्य? बाबांनी ते रचलं असेल का, मला दिलासा म्हणून? पण मग हेल्मेट त्यांना कुणी सांगितलं... मी याच धाग्यावर लोकांना अशा प्रश्नांची उत्तरं ठोकून द्यायचो. सिनेमाचा पुढचा भाग मी पाहिलेला नाही. पाहवत नाही.

आणखी एक. त्या रविवारनंतर बाबांना कोणत्याच सिनेमावर मत नाही. अडीचला जेवतात, मान सरळ ठेवून, लवकर उरकतात. काल मी धीर करून विचारलं, "बाबा, आई आता काही सांगत नाही काय?"

ताटावरून उठत ते म्हणाले, "नाही. तुलेच सांगाचं होतं तिले. थे झालं."