उलटं बसवलेलं इंजिन

आमच्या अक्कलकोट रोडचा कल्लप्पा मेकॅनिक हातानं कसबी आणि तोंडानं बढाईखोर. शेजारीच माझं टायरचं दुकान, त्यामुळे दोन्ही मला रोज भोगावं लागतं. जुन्या गाडीत विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवून ती पुन्हा रस्त्यावर आणणं हा त्याचा हातखंडा, आणि ते चारचौघांत सांगत बसणं हा त्याचा नाद.

आमच्याच गल्लीतल्या शिवलिंगप्पांच्या जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन कामातून गेलं. मुलीचं, शिवलीलाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तिची पाठवणी याच जीपमधून करायची हा त्यांचा हट्ट. कल्लप्पानं पाहुण्यांदेखत छाती ठोकली, "डिझेलवर पळवून दावतो की! पोरगी राणीवानी जाईल."

इंजिन काही जागेत मावेना. तेव्हा या शहाण्यानं ते तोंड फिरवून बसवलं. सुरू केल्यावर कळलं, चाकंही उलटी फिरतात. पहिला गिअर टाकला की जीप मागे जाते, रिव्हर्स टाकला की पुढे. खोलून पुन्हा बसवायला वेळ नव्हता. मी म्हणालो, "शिवलिंगप्पांना सांगून टाक." तर माझ्यावरच डाफरला, "माझी अब्रू घालवतो व्हय? चालवणार मीच हाय. रिव्हर्सवर नेतो सावकाश, कुणाला कळतंय?"

पाठवणीला शिवलीला नवऱ्याशेजारी मागे बसली. चाकापुढं लिंबू ठेवलं. कल्लप्पा स्टिअरिंगकडं निघाला, तर नवरीचा भाऊ मृत्युंजय आधीच चढून बसलेला. "काका, तुमी ऱ्हावा. अक्काला मी सोडणार."

"अरं, पण..." एवढंच कल्लप्पाच्या तोंडून निघालं. भोवती सगळं वऱ्हाड. पुढचं त्यानं गिळलं.

मृत्युंजयनं पहिला गिअर टाकला आणि नवरीला घेऊन जीप माघारी मांडवात घुसली. खांब वाकला. लिंबू होतं तिथंच राहिलं.

"अगं बाई! पोरगी दारातनंच माघारी फिरली," नवऱ्याची आत्या म्हणाली. "हे लक्षण बरं न्हाय." बायकांची कुजबुज सुरू झाली. शिवलिंगप्पा आत्यापुढं हात जोडू लागले. शिवलीला पदरात तोंड खुपसून रडायला लागली. आणि आमचा बहाद्दर? स्वतःच्या चपलांकडं बघत उभा! मला त्याचा असा संताप आला की काय सांगू.

"पोरीला खाली उतरवा," आत्या म्हणाली, तेव्हा कुठं त्याला कंठ फुटला.

"पोरीचा दोष न्हाय. इंजिन मी उलटं बसवलंय. मला म्हाईत होतं. लाजंपायी बोललो न्हाय."

वऱ्हाडात एकच हशा उसळला. आत्याही हसली. "मग आता तूच ने," म्हणाली.

रिव्हर्सवर कण्हत कण्हत जीप जुळे सोलापूरला निघाली. मागून दुचाकीवरची वऱ्हाडी पोरं शिट्ट्या मारत होती. मी कल्लप्पाशेजारी बसलो होतो. त्याचे कान लाल झाले होते.

नवऱ्याच्या दारात शिवलीला उतरली, कल्लप्पाच्या पाया पडली.

"लई हसं झालं बघ माझं, पोरी," तो पुटपुटला.

"व्हय काका," ती म्हणाली. "पण तुमी गप उबं होता, तवर मी अपशकुनी होते की."

कल्लप्पानं तिला हात जोडले. लेकीच्या वयाच्या पोरीला.