अनामतीचा राखीव निधी

आमच्या छोट्या सेवामंडळाचा खजिनदार असताना मी एक घोडचूक केली. गुलमंडीजवळच्या एका खोलीतून मंडळ रुग्णांना वॉकर, चाकाची खुर्ची, लोखंडी खाट वापरायला देई. भाडं नाही, फक्त अनामत. वस्तू परत आली की अनामत परत. लोक वस्तू महिनोन्‌महिने ठेवत, त्यामुळे बँकेत बरी रक्कम दिसे. वार्षिक सभेत मी तीच रक्कम राखीव निधी म्हणून ऐटीत वाचून दाखवली. टाळ्या पडल्या आणि त्या भरात आम्ही चार नव्या खाटा घेऊन टाकल्या.

चूक लक्षात आली ती घरी जेवताना. ते पैसे आमचे नव्हतेच. बँकेत उरलेली रक्कम चार-पाच जणांना पुरली असती, आणि बाहेर तर ढीगभर वस्तू होत्या. अध्यक्षांना सांगितलं, तर ते म्हणाले, सगळे एकदम थोडेच येणार आहेत, दिवाळीपर्यंत वर्गणी जमेल.

त्यानंतर मला एक घाणेरडी सवय लागली. कुणी भेटलं की त्यांच्या रुग्णाची चौकशी करायची. ‘अजून उठवत नाही’ असं ऐकलं की मला हायसं वाटे. बरं वाटतंय म्हटलं की त्यांच्या अनामतीचा आकडा डोळ्यांपुढे. माझीच मला लाज वाटायची, पण आकडा यायचा तो यायचाच.

एका आठवड्यात चार वस्तू परत आल्या आणि खातं तळाला गेलं. त्याच बुधवारी देवगाव रंगारीची एक मावशी आली. खुब्याचं हाड मोडलं म्हणून तिनं वॉकर नेला होता. आता त्याची घडी काखेत मारून ती एसटीनं आली होती. पावती टेबलावर ठेवून तिनं खोलीत दोन चकरा मारून दाखवल्या, बिनआधाराच्या. मी पावतीवरचा आकडाच बघत बसलो.

ती थांबली. “भाऊ, मी उठले ते तुला आवडलं नाय का?”

काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं आणि सगळं खरंच सांगून बसलो. टाळ्या, खाटा, ते हायसं वाटणंसुद्धा. ती खुर्चीत बसून ऐकत होती. खिशात होते नव्हते ते पैसे मी काढले, निम्मेच भरले. तिनं ते मोजून कनवटीला लावले आणि पावती मात्र परत उचलली.

“बाकीचे फुडच्या बुधवारी दे,” ती म्हणाली. “स्टँडावरनं चालत येते मी. तवा नीट बघ माझ्याकडं.”