गहिनीनाथचा बेडका

गहिनीनाथ सहसा एकटा दिसत नाही. धर्मापुरीच्या पलीकडच्या वस्तीवरचा हा ऊसतोड कामगार, नाकासमोर चालणारा आणि डोक्यानं जरा आडमुठा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नाव एकाचं, काम दोघांचं. लग्नापासून गहिनीनाथ आणि भिवराबाई असा एक कोयता आहेत. हे त्याच्या अंगात इतकं मुरलंय, की त्यापायी त्यानं मला, त्याच्या डॉक्टरीणबाईला, घाम फोडला.

भिवराबाईला टीबी झाला होता. आमच्या आरोग्य केंद्रातल्या तपासणीत जंतू दिसले, गोळ्या सुरू केल्या, पण खोकला हटेना. उलट बेडक्यातून रक्त पडायला लागलं. जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाहीत हेच ठाऊक नव्हतं, तर गोळ्या बदलणार कशाच्या जिवावर? जुन्या पद्धतीनं ते कळायला कितीतरी आठवडे लागतात. तोवर दसरा होऊन टोळ्यांचे ट्रक निघाले असते, आणि ही बाई कर्नाटकात खोकत खोकत ऊस तोडत असती. तिथून ती जिवंत परत येईल की नाही, याची मला खरंच भीती वाटत होती.

पुण्याच्या एका लॅबमध्ये नॅनोपोरचं यंत्र होतं. मुठीत मावेल एवढं. त्यातली छिद्रं इतकी बारीक, की जंतूच्या डीएनएचा एका वेळी एकच धागा त्यातून जातो, आणि जाताना विजेचा प्रवाह बदलत राहतो. त्या बदलावरून धागा वाचता येतो, आणि जंतू कुठल्या औषधाला दाद देणार नाही ते काही दिवसांतच कळतं. दोघांना मी सांगितलं, "रसवंतीच्या चरकात ऊस घातला की नुसत्या आवाजावरून कळतं ना, जाड हाय की बारीक? तसंच."

"मंग लई हुशार हाय की ते," गहिनीनाथ म्हणाला. भिवराबाईचा पहाटेचा बेडका आणायला बजावून मी डबी दिली.

डबी आली, पुण्याला गेली. काही दिवसांत तिथल्या धनश्रीचा फोन आला. "मॅडम, यात टीबीचा जंतूच सापडत नाही. नवल वाटलं म्हणून बाकीचं वाचलेलं पाहिलं. बेडक्यात माणसाच्याही पेशी येतात. या पुरुषाच्या आहेत. पेशंट बाई आहे ना?"

मी गहिनीनाथला बोलावून घेतलं.

"डबीत कुणाचा बेडका होता?"

"माजाच." ना लाज, ना भीती. "ती पहाटंच सोयाबीन काढाया गेलती. रिकामी डबी कशी आणायची? मंग मीच खाकरलो."

"अरे, आजारी ती आहे!"

"आमी एकच कोयता हाय ना बाई. ती न्हाई तवा तिची हजेरी मीच देतो."

मला हसू आलं आणि तळपायाची आगही मस्तकात गेली. धनश्रीनं पुढचं पाहिलं नसतं, तर टीबी गेला असं समजून मीही फसले असते. "तिच्या गोळ्या तुझ्या बेडक्यावर ठरल्या असत्या, तर स्वतःच्या हातानं मारलं असतंस तिला," मी सडकून बोलले. तो नवी डबी मागून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं भिवराबाईला शेतात जाऊच दिलं नाही. तिच्यापुढं डबी धरून उभा राहिला. ट्रक निघायच्या आधी रिपोर्ट हातात पडला: दोन औषधं निकामी, पण बाकीची चालणार होती. त्याच दिवशी मी हालचाल केली आणि नव्या गोळ्या सुरू झाल्या. टोळीचा मुकादम रामेश्वर गहिनीनाथला म्हणाला, दुसरी बाई जोडीला देतो, चल. "अर्धा कोयता घिऊन काय करू?" म्हणत हा परळीत हमाली धरून वस्तीवरच राहिला. बायको गोळ्या गिळेपर्यंत रोज समोर बसायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला भिवराबाई तपासणीला आली. अंगानं चांगली भरली होती. मी डबी दिली. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं.

"अवो, तुमी भाईर बसा."

तो निमूट बाहेर गेला. ती खाकरली. पुन्हा खाकरली. छाती चोळून पाहिली आणि कसनुसं हसत म्हणाली, "बाई, येतच न्हाई की आता काई."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "मी दिऊ का?"