सीटखालचं तेल

आमच्या व्हॅनचं इंजिन समोर नाही, पुढच्या सीटखाली आहे. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्यावरच बसत आले. उन्हाळ्यात रोहण्याच्या बाजारातून आर्वीला परत येईपर्यंत खालून अशी धग लागायची की घरी पोचल्यावर मी आधी न्हाणीघर गाठायची आणि मग कोणाशी बोलायची. "इंजिन समोर असलेली गाडी घेतली असती तर काय बिघडलं असतं?" हे मी दर मे महिन्यात विचारायची. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "मंग भांडी कुठी ठेवली असती?"

धंदा स्टीलच्या भांड्यांचा. आर्वीत खाली दुकान, वर आमचं घर, आणि आसपासच्या गावांचे आठवडी बाजार. व्हॅनच्या मागच्या सीटा काढून तिथे पातेल्यांसारखे गंज, पाण्याचे गुंड, पराती रचलेल्या असत, आणि रस्त्यावर खड्डा आला की मागे लग्नातल्या बँडसारखा आवाज व्हायचा. बाजारात बायकांशी भाव करायचं काम माझं. ह्यांना ते जमत नसे. एखादीनं जरा तोंड वाकडं केलं की हे लगेच भाव उतरवायचे.

पण एका बाबतीत हा मऊ माणूस अगदी कडक होता. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तेल पाहिल्याशिवाय चावी फिरवायची नाही. डबा घरी विसरेल, चष्मा दुकानात विसरेल, पण हे नाही. लग्नाआधी ते दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. त्यातलं तेल संपलेलं कोणी पाहिलं नाही आणि भर रस्त्यात इंजिन जाम झालं. मालकानं चार लोकांत ह्यांना नाही नाही ते ऐकवलं. तो अपमान ह्यांनी आयुष्यभर मनात ठेवला.

तेल पाहायचं म्हणजे दोघांचं काम. सीटची कडी तुटलेली, त्यामुळे ती उचलून धरायला मी. हे आतली पट्टी बाहेर ओढायचे, माझ्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं पुसायचे, पुन्हा आत घालायचे आणि पुन्हा काढून माझ्यासमोर धरायचे. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. ह्यांना जवळचं दिसत नसे आणि नवं तेल इतकं फिकं असतं की पट्टीवर चटकन कळत नाही. म्हणून वाचायची मी.

"कुठी हाय?"

"वरच्या खुणेच्या जराशी खाली."

"मंग चाल."

दुकानात काय माल भरायचा, पोराला कुठल्या कॉलेजात घालायचं, यातलं माझं काही एक ऐकलं गेलं नाही. पण तेलाच्या बाबतीत मी सांगितलं ते सांगितलं. त्यांनी पुन्हा पाहिलं असं कधी झालं नाही. मला याची मनातून फार ऐट वाटायची.

मग माझे गुडघे धरले आणि मी बाजाराला जाणं सोडलं. सकाळी पायऱ्या उतरून खाली जायचंही सोडलं. हे एका हातानं सीट धरून आपलं आपणच पाहू लागले. मागच्या दिवाळीनंतर तेलाचे रिकामे डबे जिन्याखाली साचू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "इंजिन म्हातारं झालं, तेल पिऊन राह्यलं." मला ते पटलं. म्हातारपणी काय काय होतं ते मी माझ्या गुडघ्यांवरून जाणत होते.

एक दिवस रोहण्याहून, बाजारात शेजारी दुकान मांडणाऱ्याचा फोन आला की तुमच्या गाडीतून नुसता धूर निघतोय. गाडी ओढत आर्वीला आणली, मीही तिथे गेले. बसडेपोकडच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनं खालचा नट सैल केला आणि घमेलं लावलं. घमेलं भरलं तरी तेल येतच होतं. त्यानं दुसरं भांडं आणलं.

"काकू, येवढं तेल कोनं टाकलं जी? डबल हाय हे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "म्या नाई टाकलं. मी तं महिन्यापासून सीटच उचलली नाई."

त्यांच्या शर्टाच्या खिशातून लुगड्याचा तुकडा बाहेर आला होता. तेलानं ओला. माझ्या तोंडावर चांगली झणझणीत शिवी आली होती, पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती तिथेच राहिली. खोटं बोलताना ह्यांची नजर खाली जाते. बायकोला एवढं कळतंच. आता मात्र ते सरळ माझ्याकडे पाहत होते. ते खोटं बोलत नव्हते. रोज सकाळी तेल टाकायचं, आणि टाकलं हे विसरून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचं, असं चाललं होतं.

"मीच टाकलं," मी म्हणाले. "मले वाटलं कमी असन."

"काकू, कढई हाय का ते, तेल ओतत जायले?" मिस्त्री हसला. हेही हसले. "तिले काय समजते गाडीतलं!" म्हणाले. हसू दे म्हटलं मी. जगानं मला हसलेलं चालेल.

सावंगीला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. आमच्या नातीच्या वयाची वाटावी अशी डॉक्टरीण होती. तिनं ह्यांना वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला, त्यात आकडे सगळे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसवले आणि म्हणाले, "जागा कमी पडली वो बाई." मग तिनं मला बाजूला बोलावून सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी जरा सावकाश वाढेल, पण मागे फिरणार नाही. आणि गाडी चालवू देऊ नका. परत येताना एसटीत हे मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "आपुन व्हॅन काऊन नाई आनली?"

पोरगा पुण्यात असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक गाडी. आजच." शहाणा सल्ला होता आणि मला त्याचा राग आला. गाडी गेली तर हा माणूस सकाळी उठून जाईल कुठे? गाडी ठेवली, चावी लपवली. तर ह्यांनी डब्या-डुब्या उलथ्या-पालथ्या केल्या, मला चोर म्हणाले, आणि मग लहान पोरासारखे रडले. दुसरी चावी त्यांनी बाजारातून चावीवाला आणून करून घेतली. एवढं मात्र बरोबर आठवलं.

आणि एका सकाळी ते गाडी घेऊन निघून गेले. कापूस विकायला आलेल्या गाड्यांची रांग मार्केटबाहेर लागलेली असते, त्या रांगेत हे उलट्या बाजूनं घुसले. समोर एक पोरगी स्कूटीवर, मागे तिची आई. ती पोरगी हुशार म्हणून वाचली. लोकांनी ह्यांना गाडीसकट घरी आणून सोडलं. हे मला म्हणाले, "गर्दी लय वाढली वं आजकाल." मी रात्रभर त्या मायलेकींना डोळ्यांसमोर पाहत होते. आज वाचल्या. उद्या ह्यांच्या हातून कोणीतरी मरणार, आणि हे विसरून जाणार.

सकाळी सीटचा आवाज आला तशी मी गुडघे सांभाळत खाली गेले. पूर्वीसारखी सीट धरून उभी राहिले. ह्यांना बरं वाटलेलं दिसलं. पट्टी पुसली, घातली, काढली, माझ्यासमोर धरली.

"कुठी हाय?"

तेल जिथे असायला हवं तिथेच होतं. मी म्हणाले, "कमी हाय जी. खालच्या खुणेच्याबी खाली."

ह्यांनी लगेच पट्टी आत घातली. "मंग नाई काढत गाडी. जाम होईन." मी सांगितलं, तेल मागवलंय, संध्याकाळी येईल. "बरं," म्हणाले आणि आंघोळीला गेले. चावी लपवून, भांडून, रडून जे जमलं नव्हतं ते दोन शब्दांत जमलं. मी पायरीवर बसून रडले. त्यांनी एकदाही पट्टी स्वतः निरखून पाहिली नव्हती.

मग रोज तेच. रोज तेल कमी, रोज संध्याकाळी येणार, आणि संध्याकाळपर्यंत हे विसरलेले. उन्हाळा असाच गेला. मी खोटं बोलण्यात तयार झाले. आज भाजी काय करायची याचा विचार करत करत सांगू लागले.

एका सकाळी मात्र ते सीट खाली करून तिथेच थांबले.

"काऊन वं, गाडी तं चालत नाई. मंग तेल जाते कुठी?"

मी पदरानं सीटवरची धूळ पुसू लागले.

"लीक असन," ते स्वतःच म्हणाले. दुकानातून खोक्याचा पुठ्ठा आणला, जमिनीवर अंथरला आणि गाडीखाली शिरले. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. आत ते हात फिरवून सगळे नट चाचपत होते. इतका वेळ कोणी न झालेली गळती शोधतं का? मला म्हणावंसं वाटत होतं, निघा बाहेर, काही गळत नाही तिथे. ते बाहेर आले. हाताकडे पाहिलं. हाताला धूळ होती, तेल नव्हतं.

मग त्यांनी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली, आणि हात लांब करून उन्हात धरली. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर हाय तेल. मंग तू काऊन गाडी काढू देत नाई?" ते हळूच म्हणाले. आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "मी कोनाले उडवलं का?"

"नाई जी," मी म्हणाले. "पन उडवलं असतं."

ते सीटच्या कडेवर बसले. मी सगळं सांगितलं. डबल तेल, सावंगी, डॉक्टरीण, स्कूटीवरच्या मायलेकी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"मंग असं सांगायचं ना वं. मी का तुयं आयकत नाई?"

आम्ही दोघंही रडलो. दुकानासमोरून लोक जात होते, कोणी थांबलं नाही. उठताना ते म्हणाले, "आता खोटं नोको बोलू माह्याशी. खरं हाय तेच सांगत जाजो." मी शब्द दिला. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी नवरा-बायकोसारखे बोललो होतो.

दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटचा आवाज आला. "ये वं, पाह्य जरा."

मी शब्द दिला होता. मी गेले आणि सगळं खरं सांगितलं. ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचा चेहरा तसाच उतरला, ते तसेच सीटच्या कडेवर बसले, आणि तसंच विचारलं, "मी कोनाले उडवलं का?" आणि रडले. दिवसभर जेवले नाहीत. का जेवत नाही हे दुपारपर्यंत त्यांनाही आठवत नव्हतं, नुसतं दुःख तेवढं राहिलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खरं सांगितलं आणि पुन्हा तेच झालं. माझं एकदा सांगून मन मोकळं झालं होतं. त्यांना मात्र ते रोज सकाळी नव्यानं कळणार होतं.

त्यानंतरच्या सकाळी त्यांनी हाक मारली तेव्हा मी खाली गेले आणि सीट धरली. त्यांनी पट्टी माझ्यासमोर केली. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं.

"कमी हाय," मी म्हणाले.

"बरं झालं तुनं पायलं," ते म्हणाले.