नमुन्यांची गोधडी

दुकानातले नवे नमुने मी माझ्या आईला गोधडी शिवायला दिले. द्यायचे होते जुने. दोन्ही गठ्ठे एकाच फडताळात होते, एक वरच्या फळीवर, एक खालच्या. कुठला जुना, कुठला नवा हे ओळखायला फक्त डोळे लागत होते आणि ते मला होते. तरी दिले.

पाथरीच्या पेठेत आमच्या आप्पांचं कापडाचं दुकान होतं. 'आमच्या' म्हणायची मला तेव्हा फार हौस. खरं तर दुकान आप्पांचं, आणि मी गडी आणि मुनीम यांच्या मधलं काहीतरी. थान काढून दाखवायचं, बाई नको म्हणाली की पुन्हा गुंडाळायचं, गिऱ्हाईक नसलं की गादीवरच्या माश्या मारायच्या. आप्पा माझ्या वडिलांचे दोस्त. वडील गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बस इथं कोपऱ्यात. कात्रीला हात लावू नको." दोन वर्षं झाली तरी कात्रीबाबतचा हुकूम कायम होता. पण घरात त्या कोपऱ्याखेरीज दुसरी कमाई नव्हती, आणि त्यात बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. कापडाला अजून तोटा नव्हता. दर साली दिवाळीआधी हैदराबादहून एक दलाल यायचा. मानवतरोडला गाडीतून उतरायचा, टांगा करून पाथरीला पोचायचा. लाल गोंड्याची रूमी टोपी, काळी शेरवानी, तोंडात विडा. पेठेत सगळे त्याला मियाँ म्हणत. तो प्रत्येक दुकानात नमुन्यांचा एकेक गठ्ठा ठेवून पुढं जायचा. नमुना म्हणजे वितीएवढा चौकोनी तुकडा. कडा करवतीच्या दात्यांसारख्या कातरलेल्या आणि मागं आकड्याची कागदी चिठ्ठी डकवलेली. दुकानदारानं ते तुकडे काही दिवस हाताळायचे, आणि मियाँ परतीच्या वाटेवर आला की कुठलं कापड किती पाठवायचं ते सांगायचं. त्या एका बैठकीवर आप्पांची सगळी दिवाळी उभी असायची.

मियाँ गठ्ठा ठेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "वैनी बाळंतिणीची गोधडी शिवायल्या म्हणं?"

"हो, आप्पा."

"खालच्या फळीवर गेल्या सालचे नमुने हायत. ने घरी. कामाला येतील."

मी खालचा गठ्ठा काढला. उन्हानं विटलेले तुकडे, धूळ बसलेली, एकदोन ठिकाणी उंदरांनी चाखून पाहिलेलं. वरच्या फळीवर दुसरा गठ्ठा. कोरं करकरीत चीट, पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आणि सगळ्यांत वर डाळिंबी रंगाचा असा तुकडा की बघतच राहावं. आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. आप्पांसारखा माणूस माझ्या आईला उंदरानं खाल्लेलं कशाला देईल? त्यांना वरचाच म्हणायचा असणार. वयोमानानं वरचं-खालचं होतं माणसाचं. एवढा विचार मी केला. 'आप्पा, हाच का?' एवढं विचारायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या दहापट वेळ या विचाराला लागला.

आईनं गठ्ठा सोडला आणि तिचा चेहरा खुलला. बहीण मात्र जरा वेळ बघत राहिली.

"दादा, एवढं कोरं कापड आप्पांनी फुकट दिलं?"

"आप्पांचा माझ्यावर जीव हाय," मी म्हणालो.

आईनं आधी मागच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. "कागद कुरकुरला की लेकरू दचकंल," ती म्हणाली आणि चिठ्ठ्या चुलीत घातल्या. मग खाली जुन्या लुगड्यांच्या घड्या अंथरल्या, वर तुकडे मांडले. एक रंगीत, एक पांढरा, एक रंगीत, एक पांढरा. डाळिंबी बरोबर मधोमध. मग एका कडेनं सुरुवात करून ती गोल गोल आत शिवत निघाली. मी सुयांत दोरा ओवून द्यायचो आणि आपणच गोधडी शिवतोय अशा थाटात बसायचो. एकदा तर गोधडीवर बसूनच ओवत होतो. उठलो तेव्हा गोधडी माझ्याबरोबर उठली, कारण आईनं माझं धोतर आत घेऊन दोन बोटं टाके घातले होते. "मला वाटलं अस्तर हाय," आई म्हणाली. बहीण पोट धरून हसली आणि आई तिच्यावर ओरडली, एवढं हसू नको म्हणून.

उरलेल्या तुकड्यांची मी एक लांबट पट्टी करून घेतली. कापड पोचवायला गेलो असताना तहसीलदारसाहेबांच्या मेजावर मी तशी पट्टी अंथरलेली पाहिली होती. आमच्याकडं मेज नव्हतं, ट्रंक होती. ट्रंकेवर घातली. तेव्हापासून मी ट्रंकेशी जरा अदबीनं वागू लागलो.

गोधडी झाल्यावर आईनं ती पाण्यातून काढली, नव्या कापडाची खळ लेकराला टोचू नये म्हणून. वाळत घालताना बहिणीनं दाखवलं, डाळिंब्याच्या भोवतीचे पांढरे तुकडे गुलाबी झाले होते. आई चरफडली. मी म्हणालो, गुलाबीही छान दिसतंय.

मग बाजाराचा दिवस उजाडला. दुकान उघडून बसतोय तोच आप्पा म्हणाले, "वरचा गठ्ठा काढ. मियाँ दुपारच्या आत यायलेत. एकदा नजर फिरवू."

वरची फळी मोकळी होती. मी खालचा गठ्ठा काढून समोर ठेवला. आप्पांनी दोरी सोडली आणि उंदरानं खाल्लेला तुकडा उचलून उजेडाकडं धरला. त्या भोकातून मला आप्पांचा एक डोळा दिसत होता.

"हे गेल्या सालचे. नवे कुठंयत?"

"घरी."

"घरी काय करायलेत?"

खोटं बोलायला थोडी बुद्धी लागते. मी म्हणालो, "गोधडी झाली त्यांची."

आप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. "शिव शिव शिव," एवढंच म्हणाले. मग हातातला तुकडा पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला. मला वाटलं ते शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जा," शेवटी म्हणाले. "उसवून घेऊन ये. मियाँच्या आधी आलास तर ये. न्हाई तर येऊ नको."

मी पेठेतून धावत सुटलो. वाटेत दोघांनी विचारलं, बहीण मोकळी झाली का म्हणून. मी मान हलवली, तीही अशी की त्यांना नेमकं काय कळलं कोण जाणे. संध्याकाळी घरी बघायला बायका आल्या त्या त्यामुळंच.

घरी येऊन मी गोधडीवर झडप घातली. आईनं दुसरं टोक धरलं.

"काय करायलास?"

"उसवायची हाय, माय. नवे नमुने होते ते. मियाँ यायलाय. नोकरी चालली माझी!"

"पोटुशी बाई घरात असताना शिवलेलं उसवीत न्हाईत."

"माय, नोकरी गेली तर खायचं काय?"

"ते तू गठ्ठा उचलायच्या आधी इचारायचं होतं."

बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "उसवू नका ना. अशीच न्या दुकानात. कापड तर तेच हाय."

आईनं गोधडीची घडी घातली, ट्रंकेवरची पट्टी ओढून त्यात कोंबली, गठुळं डोक्यावर घेतलं आणि डोईवरचा पदर सारखा केला. "चल. पर ही माझ्या नजरेआड जायची न्हाई."

माझी आई भर बाजारातून अशी कधी गेली नव्हती. पुढं ती, डोक्यावर गोधडी. मागं मी, मान खाली. धुऊन वाळवलेलं ते रंगीबेरंगी गठुळं बघून दोन बायका थबकल्या आणि कुठं विकायला चाललात म्हणून विचारू लागल्या. "विकायची न्हाई," आई म्हणाली. "पोराची अब्रू हाय."

दुकानात मियाँ येऊन बसले होते. बशीतून चहा पीत होते. आप्पा समोर बसलेले, चेहरा असा की जणू मीच तिरडीवर येतोय. आईनं गादीवर गोधडी पसरली. शेजारी पट्टी पसरली. मग भिंतीला पाठ लावून बसली.

मियाँची बशी ओठाशीच राहिली. एकदा गोधडीकडं, एकदा आप्पांकडं, शेवटी माझ्याकडं बघून म्हणाले, "अरे मियाँ, नमुने देखने कू दिये थे, ओढने कू नै!"

"आकडे चुलीत गेले," मी पुटपुटलो. म्हटलं, आता सगळंच एकदम सांगून टाकावं.

"कायकू रोते? नंबर हमारे पास हैं ना!" आणि त्यांनी चामडी पिशवीतून आपला गठ्ठा काढला. त्याच कापडांचे तुकडे, बोटभर आकाराचे, प्रत्येकाला आकडा. "तुम पसंद बोलो, नंबर मैं देख लेतूँ."

एवढंच. पेठेतून धावताना मी मनात नोकरी सोडून, घर विकून, पूर्णेच्या स्टेशनावर हमाली करून मोकळा झालो होतो. आणि मियाँकडं नमुन्यांचा दुसरा जोड होता. मला एकदम खाली बसावंसं वाटलं. बसलो. आप्पा म्हणाले, "उभा रहा." उभा राहिलो. पण ते 'उभा रहा' ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ज्याला हाकलायचं त्याला कोणी उभा रहा म्हणत नाही.

मियाँ एकेक तुकडा गोधडीशी ताडून बघू लागले. "सब है. एक नीली पट्टीवाला नै दिखता."

"ती त्याच्या पाठीवर हाय," आई भिंतीकडून म्हणाली. "बंडी फाटली हुती."

मला पाठ फिरवून उभं करण्यात आलं. मियाँनी माझ्या खांद्याखालचं ठिगळ दोन बोटांत धरून वीण तपासली. आप्पाही उठून आले. बराच वेळ दोघं माझ्या पाठीशी बोलत होते. ते कापड आप्पांनी नापसंत केलं. म्हणाले, "अंगावर चांगलं दिसत न्हाई."

मग आप्पा गोधडीच्या मधोमध बोट ठेवून म्हणाले, "बाकी थोडंथोडं. पर हे डाळिंबी भरपूर पाठवा. यंदा पेठेत डाळिंबीच चालंल." पहिल्या दिवसापासून त्यांचा जीव त्या रंगावर बसला होता. मियाँनी पेन्सिल काढली. आप्पांचं बोट डाळिंब्यावरून शेजारच्या तुकड्यावर सरकलं आणि तिथंच थांबलं.

"वैनी, हे पांढरं होतं ना? गुलाबी कशानं झालं?"

"कशानं म्हंजे? तुमच्या डाळिंब्यानं! एका पाण्यात हे हाल. माझी समदी मेहनत नासली."

तीन सालांमागं आप्पांनी असंच एक जांभळं कापड भरलं होतं. पहिल्या धुण्यानंतर बायका डाग पडलेले कपडे घेऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, आणि आप्पा आठवडाभर मागच्या दारानं ये-जा करत होते. त्यांनी सगळे गुलाबी तुकडे एकेक करून बोटानं दाबून पाहिले. मग मियाँकडं बघितलं.

मियाँनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गिरणीवाले पक्का रंग बोले थे, आप्पा. कसम से."

"गोधडी कच्चा म्हणायलीय," आप्पा म्हणाले.

डाळिंबी कटलं. त्याच्या जागी आप्पांनी हिरवं घेतलं. ते पाण्यातून निघूनही शेजाऱ्यांना लागलं नव्हतं. बाकीच्या तुकड्यांचीही त्यांनी तशीच परीक्षा घेतली, आणि मियाँ दर वेळी मान तुकवून लिहीत गेले. आप्पांचा चेहरा जसा उतरला होता तसाच हळूहळू खुलत गेला. मियाँ गेल्यावर ते गादीला टेकले, एक मोठा श्वास सोडला आणि माझ्यासाठीही चहा सांगितला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

चहा पिताना मला बळ आलं. मी म्हणालो, "बघा आप्पा, एका अर्थी बरंच झालं की मी..."

"गप," आई म्हणाली.

आई गोधडीची घडी घालायला लागली तेव्हा आप्पांनी तिचं एक टोक धरलं. "वैनी, ही गोधडी दिवाळीपतूर दुकानात राहू द्या. बायकांना दाखवायला बरी. धुतलेलं कापड कसं दिसतंय ते तरी कळंल."

"न्हाई जमायचं, आप्पा. लेकीचे दिवस भरत आलेत. पायजे तर हे पोरगं ठेवून घ्या."

आप्पांनी मला टोपीपासून वहाणांपर्यंत नीट न्याहाळलं. मग गोधडीचं टोक सोडलं.

"ठेवतो," ते म्हणाले. "पर वैनी, सौदा तुमी चांगला केला. कामाचं ते घरी न्यायलाव आन हे माझ्या गळ्यात मारायलाव."