स्टेजखालची माती

रोह्यात दर जानेवारीत एका गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ रग्बीची स्पर्धा भरते, आणि त्या माणसाचा हार घातलेला फोटो दरवर्षी नेमका अशा जागी ठेवतात, जिथे त्याने जिवंतपणी कोणाला चपला घालून उभं राहू दिलं नसतं. ती जागा म्हणजे मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडल्यावरचा पट्टा. रग्बीतली सगळी धावाधाव त्या पट्ट्यासाठी असते. चेंडू हातात धरून पळायचं, आडवे येतील त्यांना चुकवायचं, पट्टा गाठायचा आणि चेंडू जमिनीला टेकवायचा. टेकवला की ट्राय झाला, गुण मिळाले. आमच्या समितीने एका बाजूच्या त्याच पट्ट्यावर स्टेज बांधलं आहे. वर सोफे, खाली हिरवं कार्पेट, पुढे पाहुण्यांसाठी दोरी.

पहिल्याच वर्षी मी अध्यक्षांना हे जाऊन सांगितलं होतं. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "मॅडम, मी सकाळपासून बघतोय. पोरं धावत येतात आणि त्या रेषेपाशी खेळ संपतो. पलीकडं कोन खेळतंय? जागा मोकळीच हाय की." वर वडाची सावली होती, विजेचा खांब जवळ होता, पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊनही येत नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षी स्टेज आणखी रुंद झालं.

ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं, त्यांना आम्ही मुली काका म्हणायचो. जन्म रोह्याचा. सगळी नोकरी परराष्ट्र खात्यात, शेवटी राजदूत. जिथे बदली होईल तिथला रग्बीचा हौशी क्लब शोधून काढायचा आणि आपल्यापेक्षा दांडग्या माणसांकडून स्वतःला आपटून घ्यायचं, हा त्यांचा छंद. नाक त्यातच मोडलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी घर घेतलं ते रोह्यात नाही, पेणला, रामवाडीत. का, असं विचारलं तर म्हणायचे, रोह्यात नातेवाईक फार आहेत.

त्यांच्या घरामागे भात कापून झालेल्या शेतात आमचा कबड्डीचा सराव चालायचा. ते बांधावर उभे राहून बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी एक लांबट चेंडू घेऊन आले. आम्ही त्याला शहाळं म्हणायला लागलो. "घोटा धरून माणूस पाडायचं तुम्हाला येतंच आहे," ते म्हणाले, "मग निम्मा खेळ आला." हा माणूस गोड नव्हता, हे आता भाषणांत कोणी सांगत नाही. चुकलं की चारचौघांत सोलून काढायचे. विशेषतः कोणी चेंडू रेषेपलीकडे नुसता टाकून दिला, तर त्यांचा तोल जायचा. पांढऱ्या पॅंटीनिशी गुडघ्यावर बसायचे, चेंडूवर तळवा दाबून धरायचे आणि ओरडायचे, "हात, चेंडू, माती! तिघांची गाठ पडली पाहिजे. नाही पडली तर काही झालं नाही, घरी जा." नाक्यावरचे लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला दुसरं काम नाय.

ते असताना स्पर्धा म्हणजे एक सामना असायचा, पेणच्या मुली आणि रोह्याच्या मुली. तो झाला की बांधावर पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उलटं ठेवायचं आणि वरून पेंढा पेटवायचा. दोन्ही संघांनी मिसळून बसायचं आणि ज्या मुलीला आपण पाडलं तिला पहिली शेंग आपण सोलून द्यायची, असा काकांचा नियम होता. मी एकीला फार वाईट पाडलं होतं, तिचा ओठ फुटला होता. तिने माझ्या हातची शेंग खाल्ली आणि दुसरी मागितली.

काका एका पावसाळ्यात गेले. शोकसभेला रोह्याच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. ज्यांनी त्या शेतात कधी पाऊल टाकलं नव्हतं, ते सगळे माइकवर रडले. आम्हाला बोलायला सांगितलं नाही. त्याच सभेत समिती झाली, स्मृतिचषक ठरला. मुंबई-पुण्याचे पुरुषांचे संघ यायला लागले, मैदान शेतातून उठून रोह्यात आलं, आणि मुलींचा सामना कार्यक्रमपत्रिकेत दुपारच्या जेवणानंतर, सत्कार आणि उपांत्य फेरी यांच्यामध्ये, "प्रदर्शनीय" म्हणून उरला. मी एव्हाना खेळणं सोडलं होतं. कंपनीत शिफ्ट करते आणि रविवारी पेणच्या मुलींना शिकवते. मला त्या लोकांचा राग येतो. आजही येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही.

स्टेजच्या अडचणीवर समितीने तोडगा काढला होता. त्या बाजूला चेंडू रेषेवरच टेकवायचा, दोरीपलीकडे जायचं नाही. पुरुषांच्या संघांनी तो निमूट मानला. भरधाव येणारा खेळाडू रेषा दिसली की पावलं आवरायचा, वाकायचा आणि देवासमोर नारळ ठेवावा तसा चेंडू ठेवायचा. सोफ्यावरचे टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटायचं, खेळाडू किती नम्र आहेत.

गेल्या वर्षी बैठकीत मी पुन्हा विषय काढला. अध्यक्ष या वेळी हसले नाहीत. "मुलींच्या मॅचमुळं बक्षीस समारंभाला आधीच उशीर होतो," ते म्हणाले. "यंदा काय गडबड झाली तर पुढच्या वर्षी मुलींची मॅच ठेवनार नाय. तुम्हीच ठरवा." मी ठरवलं. परत येताना गाडी वाटेत कासू स्टेशनला थांबली तोवर मुलींना काय सांगायचं ते मनात तयार होतं: स्टेजच्या बाजूला जपून खेळा. सामना जगला पाहिजे, ट्राय गेला तरी चालेल.

आमची कर्णधार धरमतर खाडीकडच्या एका गावातली. वडील आखातात नोकरीला, तिने चेंडू हातात घेतला तेव्हापासून एकदाही तिचा सामना न पाहिलेले. गेल्या वर्षी पहिल्यांदाच तिची आई मैदानावर आली, बुरख्यावर समितीचा बिल्ला लावून, हातात फोन धरून. फोनवर वडील होते. कामावरून तेवढ्यापुरती सुट्टी मागून बसले होते. मी मुलींना गोळा करून माझं तयार वाक्य सांगितलं. कर्णधाराने नीट ऐकून घेतलं. "ताई, धावताना मधीच ब्रेक कसा मारतात?" तिने विचारलं. ती चिडवत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

प्रमुख पाहुणे उशिरा आले, म्हणून सामन्याची वेळ कापली. उत्तरार्धात आम्हाला स्टेजच्या दिशेने चढाई करायची होती. दोन्हीकडे एकेक ट्राय, बरोबरी. शेवटच्या मिनिटाला आमच्या कर्णधाराला चेंडू मिळाला आणि ती कडेने सुटली. आई फोन उंच धरून तिच्याबरोबर धावायला लागली. रेषा पाऊलभर राहिली असताना रोह्याच्या कर्णधाराने मागून झेप घेतली आणि तिचा घोटा पकडला, अगदी कबड्डीत पकडतात तसा. आमची मुलगी आडवी पडली, पण तिचा वेग पडला नाही. ती रेषेवरून घसरली, दोरीखालून गेली, चहाचा ट्रे उडाला आणि तिचं डोकं स्टेजच्या पांढऱ्या झालरीत शिरलं. बाहेर फक्त पाय राहिले, आणि त्यातल्या एका घोट्याला अजून रोह्याची मुलगी लटकलेली.

कार्पेट झालरीपर्यंतच होतं. आत माती होती. तिने त्याच झोकात हात लांब केला आणि चेंडू तिथे दाबला. मी बाजूने धावत आले होते, झालर वर गेली होती, मला ते स्वच्छ दिसलं. हात, चेंडू, माती. वर स्टेजवर काकांचा फोटो टेबलावरून कलंडला होता आणि दोघेजण तो सावरत होते. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण कर्णधाराला जपून खेळ म्हणणारी बाई ती नव्हती.

पंच बाहेरगावचा तरुण होता. त्याने शिट्टी तोंडात धरली होती. चेंडूकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मग बराच वेळ स्टेजकडे पाहत राहिला. पाहुणे पॅंटवरचा चहा झटकत होते. अध्यक्षांनी नुसता हात हलवला, माशी वारावी तसा. पंचाने चेंडू मैदानाबाहेर गेल्याची खूण केली आणि सामना संपवला.

रोह्याची कर्णधार उठून थेट त्याच्याकडे गेली. "सर, टेकलाय. मी पाय धरून व्हते, मी बघितलाय ना." हरणारी मुलगी सांगत होती, की मी हरले. पंच म्हणाला, निर्णय झाला. माइकवर आवाज आला, मुलींनी संयम बाळगावा. मग दोन्ही कर्णधारांना स्टेजवर बोलावून एकच चषक दोघींच्या हातांत दिला आणि फोटो काढला. आमच्या मुलीच्या तळव्याला माती तशीच होती.

ती खाली आली तेव्हा आई माझ्याजवळ उभी होती. फोनमधून माणसाचा आवाज येत होता, तुटक, मोठ्याने. "हिचा बाप इचारतोय गो बाय," ती मला म्हणाली, "ट्राय दिला का नाय?" मी कर्णधाराकडे पाहिलं. तिने आईच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. रेंज गेली असं सांग, म्हणाली.

त्या संध्याकाळी पोपटी होती, पण ती पाहुण्यांसाठी, गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर. आम्ही स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो. रोह्याची कर्णधार एकटीच स्कूटीवरून आली. तिचे मामा त्या फार्महाऊसवर कामाला होते, त्यांच्याकडून तिने वर्तमानपत्रात बांधून गरम शेंगा आणल्या होत्या. एक सोलून तिने आमच्या मुलीसमोर धरली. काका गेले तेव्हा ही मुलगी पाळण्यात असेल. तिला हा नियम कोणी सांगितला, मला माहीत नाही. आमच्या मुलीने शेंग घेतली, खाल्ली नाही, मुठीत धरून बसली.

यंदाची कार्यक्रमपत्रिका आली. मुलींचा सामना नाही, "सुरक्षिततेच्या कारणास्तव". मी फोन केला तर अध्यक्ष म्हणाले, मुलींनी स्वागताला लेझीम करावं, ड्रेस समिती देईल. इतकी वर्षं मी हा सामना जगवायला तोंड मिटून बसले, आणि त्यांनी तो एका ओळीत मारला. निदान ओरडून तरी मरायला हवा होता.

दोन दिवसांनी पेणच्या बसस्थानकासमोर स्पर्धेचा फलक लागला. शिफ्ट सुटून येताना मी तो पाहिला आणि रिक्षा थांबवली. फलकावर, माणसापेक्षा मोठी, आमची कर्णधार होती. गेल्या वर्षीचा तोच क्षण. हवेत आडवी, वेणी मागे उडालेली, चेंडू धरलेला हात पुढे ताणलेला. वर कोपऱ्यात काका. आणि खाली, जिथे तो हात टेकणार त्या जागी, माती नव्हती. तिथे अध्यक्षांपासून सगळ्या समितीचे चेहरे ओळीने छापले होते, हात जोडून.

रात्री तिच्या आईचा फोन आला. कोणीतरी फलकाचा फोटो आखातात पाठवला होता. वडील खूश होते, खोलीतल्या सगळ्यांना दाखवत होते. "तो म्हनतोय, एवढा मोठा फोटू लावलाय म्हंजी दिलाच असंल," ती म्हणाली. "मी काय सांगू?"

ती मुलगी आईच्या शेजारीच होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाय दिला म्हणून सांगा," मी म्हणाले. "आणि टेकला होता म्हणूनही सांगा."